जुन्या टायरचा भुगा हायब्रिड रॉकेट मोटरमध्ये इंधन म्हणून चालेल का?

काळा_भुगा

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज एकदाचा नीट लिहून काढतो. हायब्रिड मोटरवर काम करणारे किंवा रबराच्या धंद्यातले कोणी असतील तर जरूर लिहा.

आमचा छोटा गट आहे, क्लबच्या टेस्ट स्टँडवर लहान हायब्रिड मोटर (इंधन घन, आणि ऑक्सिडायझर, म्हणजे जाळायला ऑक्सिजन देणारा पदार्थ, वेगळा) जाळून बघतो, वायुरूप ऑक्सिजनवर. इंधन म्हणून आत्तापर्यंत एचटीपीबीच वापरत आलोय. ते म्हणजे शेवटी पॉलिब्युटाडाईन रबरच, काकवीसारखं घट्ट द्रव येतं, त्यात क्युरिंग एजंट मिसळून साच्यात ओतलं की काही दिवसांत मऊ पण पक्कं रबर तयार होतं. आता टायर घ्या. टायरमध्ये नैसर्गिक रबर, एसबीआर नावाचं कृत्रिम रबर आणि पॉलिब्युटाडाईन असतं, म्हणजे कुळ तेच. किलोमागे 30 ते 35 मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणून तर सिमेंटच्या भट्ट्यांत जुने टायर जाळतात. नुसतं एचटीपीबी चाळिशीच्या वर जातं हे मान्य, पण टायरचं रबर जडही असतं, एचटीपीबीची घनता 0.92 च्या आसपास तर टायरच्या रबराची 1.15 च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच नळीत जास्त वजन बसतं.

तर आम्ही काय केलं, 30 मेशचा भुगा आणला, म्हणजे दाणा साधारण 0.6 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, तो एचटीपीबीत मिसळून ग्रेन, म्हणजे इंधनाची पोकळ नळी, ओतला आणि नेहमीच्याच मोटरमध्ये जाळला. जळतो, नीट जळतो. पण जाळून झाल्यावर ग्रेन उभा कापून बघितला तेव्हा खरी गंमत कळली. साध्या एचटीपीबीचा पोर्ट, म्हणजे ग्रेनमधलं आरपार भोक, आतून कसा असतो, काळपट, हलक्या लाटा लाटा पण एकसारखा. ह्याच्यात मात्र सगळीकडे बारीक खळगे, जिथनं दाणा सुटून गेलाय तिथे त्याच्या आकाराची खाच, आणि काही दाणे उलटे वर आलेले, आजूबाजूचं रबर खाली गेलंय आणि दाणा डोकं वर काढून बसलाय, डोक्यावर करड्या राखेची टोपी. काजळीचा थर इतका की बोट फिरवलं तर बोटाची रेघ उमटते. आणि नॉझलच्या, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या तोंडाच्या, बाजूला, हे मी अजिबात अपेक्षित केलं नव्हतं, पांढरट पिठासारखं काहीतरी चिकटलेलं.

माझे प्रश्न दोन. एक, भुग्याचं प्रमाण किती वाढवता येईल, पूर्ण ग्रेनच दाबून भुग्याचा करता येईल का. दोन, हे सगळं करण्यात अर्थ आहे का. मला वाटतं आहे, पण का आहे ते मला तुमच्याकडून तपासून घ्यायचंय.

नवखा

छान विषय. मी नवीन आहे, एक बेसिक प्रश्न विचारतो. हायब्रिडला टाकी, व्हॉल्व्ह, इंजेक्टर एवढं सगळं लागतं. त्यापेक्षा रबराचा भुगा ऑक्सिडायझरच्या पावडरीत मिसळून सरळ सॉलिड मोटर का नाही करायची? मोठ्या रॉकेटच्या बूस्टरमध्ये पण रबरच असतं ना?

जुना_अंगार

नवखा, प्रश्न विचारलास ते बरं केलंस, कारण हे वाचणाऱ्या दहा जणांच्या मनात हाच प्रश्न येणार आहे. उत्तर स्पष्ट आहे, नाही करायचं. का ते सांगतो.

बूस्टरमध्ये रबर असतं हे खरं, शटलच्या बूस्टरमध्ये पीबीएएन नावाचं होतं, पण वजनाने ते साधारण 12 टक्केच. तिथे त्याचं मुख्य काम जळणं हे नाहीच, मुख्य काम बाकीच्या सगळ्या कणांना धरून ठेवणं. द्रव रबर प्रत्येक कणाभोवती पसरतं आणि मग घट्ट होतं, त्यामुळे आत कुठे पोकळी किंवा भेग राहत नाही. सॉलिड मोटरमध्ये भेग म्हणजे जळायला जास्तीचा पृष्ठभाग, जास्त पृष्ठभाग म्हणजे जास्त गॅस, जास्त गॅस म्हणजे जास्त प्रेशर, आणि प्रेशर वाढलं की ते प्रॉपेलंट अजून वेगाने जळतं. हे चक्र सुरू झालं की केसिंग फुटेपर्यंत थांबत नाही. टायरचा भुगा आधीच पिकलेला, घट्ट झालेला असतो. तो कोणालाच धरून ठेवत नाही, उलट त्यालाच कोणीतरी धरायला लागतं. म्हणजे तू बाईंडर काढून त्याच्या जागी खडी भरतोयस.

आणि त्याहून वाईट म्हणजे भुग्यात पोलादी तारांचे बारीक तुकडे असतात, रस्त्यावरची वाळू असते. असलं काही ऑक्सिडायझरच्या पावडरीत मिसळताना घासलं गेलं तर काय होईल ते लिहायची गरज नाही. शिवाय सॉलिड एकदा पेटली की बंद करता येत नाही. हायब्रिडमध्ये इंधन एकीकडे, ऑक्सिडायझर दुसरीकडे, व्हॉल्व्ह बंद केला की विझते. ह्या धाग्यावर सॉलिडची चर्चा इथेच थांबवूया अशी सगळ्यांना विनंती.

नवखा

समजलं काका. थांबतो.

वायुरूप

काळा_भुगा, तुमच्या ग्रेनचं वर्णन वाचून फार बरं वाटलं, असं कापून बघणारे कमी असतात. बहुतेक जण थ्रस्टचा आलेख बघतात आणि ग्रेन फेकून देतात.

हायब्रिडमध्ये ज्योत इंधनाला चिकटून नसते. पोर्टमधून ऑक्सिजन वाहतो, भिंतीतून इंधनाची वाफ बाहेर येते, आणि दोघं भिंतीपासून थोड्या अंतरावर बाउंडरी लेयरमध्ये, म्हणजे भिंतीलगतच्या हळू वाहणाऱ्या थरात, भेटतात तिथे ज्योत असते. तिथून उष्णता परत भिंतीकडे जाते आणि अजून इंधनाची वाफ करते. आता गंमत अशी की जी वाफ बाहेर येते तीच आत येणाऱ्या उष्णतेला अडवते. म्हणून हायब्रिडचं इंधन हळू जळतं, मुळातच. 1960 च्या दशकात मार्क्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं आणि अजून सगळे तेच वापरतात. रबरासारख्या इंधनाचा रिग्रेशन रेट, म्हणजे भिंत मागे सरकण्याचा वेग, आपल्या लहान मोटरमध्ये साधारण अर्धा ते एक मिलिमीटर सेकंदाला.

आता तुमचे दाणे. टायरमध्ये वजनाने पाव भागाच्या वर कार्बन ब्लॅक असतो. एचटीपीबीत पण लोक थोडा कार्बन ब्लॅक घालतात, पण तो एखाद टक्का, ज्योतीचा उजेड रबराच्या आत खोलवर जाऊ नये, वरच्या थरातच अडावा म्हणून. पाव भाग ही वेगळीच गोष्ट झाली. कार्बनची वाफ होत नाही. रबर तापून गॅस होऊन निघून जातं आणि कार्बन मागे राहतो, त्याचा थर होतो, तो थर खालच्या रबराला उष्णतेपासून वाचवतो. तुमचे डोकं वर काढलेले दाणे त्यामुळेच. आजूबाजूचं एचटीपीबी पटकन गेलं, दाणा मागे राहिला. मग प्रवाहाने राखेची टोपी उडाली किंवा दाण्याला धरणारं रबरच गेलं की अख्खा दाणा सुटतो, ती तुमची खाच.

म्हणजे तुमच्या मोटरमध्ये दोन वेगवेगळ्या वेगाने जळणारी इंधनं एकत्र आहेत आणि त्यात काही इंधन न जळताच दाण्याच्या रूपात उडतंय. नॉझलच्या आधी मोकळी जागा, पोस्ट कंबश्चन चेंबर, किती ठेवलीय? तिथे थोडी लांबी वाढवली तर उडालेल्या दाण्यांना आणि काजळीला जळायला वेळ मिळेल. ती नसेल तर तो सगळा काळा धूर म्हणजे वाया गेलेलं इंधन.

आयएसपी, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या प्रॉपेलंटमधून किती धक्का मिळतो, त्याबद्दल पण बोलायला हवं. कार्बन जास्त म्हणजे हायड्रोजन कमी, म्हणजे बाहेर पडणारा गॅस जड, म्हणजे आयएसपी थोडा खाली. घनतेत जे कमावलं ते इथे थोडं जाणार.

पॉलिमरची_पोर

मी रबर कंपाउंडिंगमध्ये काम करते, त्यामुळे माझ्याकडून जरा भुग्याच्या बाजूने.

पहिली गोष्ट, ते पांढरं पीठ. टायरच्या रबरात झिंक ऑक्साईड असतं, एक ते दोन टक्के, व्हल्कनायझेशनसाठी, म्हणजे रबर गंधकाने पक्कं करायला, लागतंच. ज्योतीजवळ कार्बनच्या संगतीत त्याचं जस्त होतं, जस्त 907 अंशाला उकळतं, त्याची वाफ पुढे जाते आणि ऑक्सिजन मिळाला, जरा थंड जागा मिळाली की परत पांढरं झिंक ऑक्साईड होऊन बसते. तुमच्या मोटरमध्ये हेच झालं असणार. ते हाताळताना मास्क लावा, झिंकचा धूर नाकात गेला की ताप आल्यासारखं होतं, धातू वितळवणाऱ्या कामगारांना ते चांगलं ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट, पूर्ण ग्रेन भुग्याचा करता येईल का. टायरचं रबर गंधकाने जोडलेलं असतं, गुडइयरने 1839 साली शोधलं तेच. साखळ्या एकमेकींना बांधलेल्या, त्यामुळे तापवलं तरी वितळत नाही, थेट जळतं किंवा तुटून गॅस होतं. प्लॅस्टिकसारखं वितळवून परत साच्यात ओतता येत नाही. गरम करून जोरात दाबलं तर दाणे एकमेकांना थोडेफार चिकटतात, पण तो जोड कच्चा. रिक्लेम रबर वेगळं, त्यात बांधण्या अर्धवट तोडलेल्या असतात, ते परत गंधक घालून पिकवता येतं, पण त्यात रिक्लेम करताना घातलेलं तेल आणि इतर रसायनं राहतात आणि प्रत्येक बॅच वेगळी. म्हणून तुम्ही केलंय तसंच, द्रव रबरात भुगा धरून ठेवणं, हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो मला.

तिसरी गोष्ट ओलावा. एचटीपीबी पिकवायला तुम्ही आयसोसायनेट वापरत असाल. आयसोसायनेटला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साईड सुटतो, म्हणजे ग्रेनमध्ये बुडबुडे. भुगा ओलावा धरून ठेवतो, त्यातल्या सुताच्या धाग्यांमध्ये तर जास्तच. तुमच्या खळग्यांपैकी काही सुटलेल्या दाण्यांचे नसून बुडबुड्यांचे असू शकतात. दाण्याची खाच वाकडीतिकडी असते, बुडबुडा गोल आणि आतून चकचकीत, भिंगाखाली फरक लगेच दिसतो. भुगा आधी नीट वाळवा, मिश्रणातली हवा व्हॅक्युमने काढा. आणि आयसोसायनेटसोबत हातमोजे आणि हवा खेळती, ह्यात अजिबात ढिलाई नको, फुप्फुसाला कायमची ॲलर्जी होऊ शकते.

चौथी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. "टायरचा भुगा" असं एक मटेरियल नसतंच. टायरच्या ट्रेडचं, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या थराचं, रबर वेगळं, साइडवॉलचं वेगळं, आतल्या अस्तराचं वेगळं, कारचं वेगळं, ट्रकचं वेगळं. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराचं प्रमाण जास्त, कारच्यात कृत्रिम जास्त. अख्खे टायर दळले की हे सगळं मिसळून येतं, वर पोलाद आणि धागे. मी तुमच्या जागी असते तर बफिंग डस्ट वापरली असती. टायर रिट्रेड करतात तेव्हा जुना ट्रेड खरवडून काढतात, त्याचा जो भुगा पडतो तो. फक्त ट्रेडचं रबर, धागे नाहीत, तारा जवळजवळ नाहीत. तरी एकदा चांगल्या चुंबकावरून फिरवून घ्या.

काळा_भुगा

ताई, भिंगाखाली आत्ताच बघून आलो. तुम्ही म्हणता तसे दोन्ही प्रकार आहेत. चकचकीत गोल खळगे भरपूर आहेत, बहुतेक सगळे ग्रेनच्या वरच्या टोकाला, म्हणजे ओतताना जी बाजू वर होती तिथे. बुडबुडे वर चढले असणार. आणि एका खळग्यात काळ्या दाण्याच्या आत पांढरा धागा, टोकाला जळून गोळा झालेला, नायलॉन किंवा पॉलिएस्टर असावा. बफिंग डस्टचं अजिबात डोक्यात आलं नव्हतं, मनापासून आभार.

वायुरूप, पोस्ट कंबश्चन चेंबर आहे पण आखूड, साध्या एचटीपीबीच्या हिशोबाने केलेला. वाढवतो.

दुसरी_बाजू

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. "रिसायकल" हा शब्द लावला की लगेच पर्यावरणाचं काम केल्यासारखं वाटतं, तसं नाहीये हे. हिशोब बघा. ऑक्सिडायझर म्हणून नायट्रस ऑक्साईड आणि इंधन म्हणून रबर घेतलं तर चांगल्या कामगिरीसाठी एक किलो रबराला सहा-सात किलो नायट्रस लागतो. म्हणजे प्रॉपेलंटच्या वजनात इंधन जेमतेम सातवा आठवा भाग. ऑक्सिजनवर चालवलं तरी एक किलो इंधनाला दोन-अडीच किलो ऑक्सिजन. तर जो भाग मुळातच थोडा आणि स्वस्त आहे तोच तुम्ही अजून स्वस्त करताय. टायरचे डोंगर ह्याने हलणार नाहीत.

आणि धूर. रबरात एक दोन टक्के गंधक, त्याचा सल्फर डायऑक्साईड, तो ओलाव्याबरोबर आम्ल होऊन तुमच्या लोडसेलवर (थ्रस्ट मोजणारं यंत्र), व्हॉल्व्हवर, फिटिंगवर बसणार. काजळी आजूबाजूच्या गवतावर. साध्या एचटीपीबीचा धूर ह्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. तर मग करायचं कशासाठी?

काळा_भुगा

रागावण्यासारखं काही नाही, उलट ह्याच प्रश्नासाठी धागा काढला. पैसे वाचवणं हा माझा उद्देश नाहीये, टायरचे डोंगर हलवणं तर नाहीच नाही. मला ह्यात जे वाटतं ते असं, की एचटीपीबीवर सगळं जगाने आधीच मोजून ठेवलंय. त्याचे आकडे पुस्तकात आहेत, आम्ही मोजतो आणि आकडा पुस्तकाशी जुळला की खूश होतो. टायरच्या भुग्याचे आकडे मला कोणी तयार देत नाही, कारण ताईंनी सांगितलं तसं प्रत्येक भुगा वेगळा. म्हणजे इथे मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. आमच्या गटातल्या पोरांना रिग्रेशन रेट म्हणजे काय हे सूत्र पाठ करून कळलं नव्हतं, तो कापलेला ग्रेन हातात घेतल्यावर कळलं. ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

गंधकाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. प्रत्येक टेस्टनंतर धुवून पुसून कोरडं करणं आलंच.

दुसरी_बाजू

शिकायला म्हणून असेल तर माझा विरोध नाही. फक्त "हरित रॉकेट" असं काही पोस्टरवर लिहू नका एवढंच.

नॉझलघसा

ग्रेनमधून तुकडे सुटतात हे वाचून थोडी काळजी वाटली म्हणून लिहितोय. दाणा 0.6 मिलिमीटरचा आहे तोवर ठीक, तो नॉझलमधून निघून जाईल. पण भुग्याचं प्रमाण वाढवत गेलात तर रबर दाण्यांना नीट भिजवू शकत नाही, ग्रेन ठिसूळ होतो, आणि मग दाणे एकेकटे न सुटता खपली सुटते. खपली नॉझलच्या थ्रोटमध्ये, म्हणजे सगळ्यात अरुंद जागी, अडकली की प्रेशर एकदम वर. लहान मोटरचा थ्रोट आधीच बारीक. त्यातून जळत जळत ग्रेन शेवटाला पातळ झाला की त्याचे पट्टे सुटतात, ते साध्या एचटीपीबीत पण होतं, भुग्यात तर नक्की होणार. म्हणून ग्रेन पूर्ण जळायच्या बऱ्याच आधी व्हॉल्व्ह बंद करा, जाड भिंत शिल्लक ठेवा. वाया गेलं तर जाऊ दे.

प्रमाणाबद्दल माझा नियम सोपा आहे. मिश्रण स्वतःहून साच्यात वाहत असेल तर ठीक. चमच्याने ठोकून बसवावं लागत असेल तर प्रमाण जास्त झालं, तो ग्रेन जाळू नका. आणि जाळायच्या आधी त्याच मिश्रणाची एक पट्टी ओतून वाकवून बघा, दाण्यांच्या कडेने भेग पडत असेल तर तो पण नाही.

टेस्टच्या वेळी माणसं लांब, भक्कम आडोशामागे, सगळं रिमोटने, केसिंगला प्रेशर सुटायची ठरलेली कमकुवत जागा. हे सगळं तुमच्या क्लबच्या नियमात असेलच, तरी लिहितो.

ग्रॅफाइटचा नॉझल वापरत असाल तर थ्रोट दर टेस्टनंतर मोजा. आधी काजळी आणि राख बसून थ्रोट लहान होतो, मग ती उडते आणि मोठा होतो, प्रेशरचा आलेख वेडावाकडा येतो आणि माणूस इंधनाला दोष देत बसतो.

नवखा

ऑक्सिजन सोडून नायट्रसवर जायचं असेल तर? नायट्रस सुरक्षित आहे असं बऱ्याच ठिकाणी वाचलं.

जुना_अंगार

"सुरक्षित" हा शब्द नायट्रसला लावू नये असं माझं ठाम मत आहे. 26 जुलै 2007 ला अमेरिकेत मोहावेला स्केल्ड कंपोझिट्स कंपनीच्या टेस्ट साइटवर स्फोट झाला, तीन माणसं गेली. तिथे मोटर पेटवलेली पण नव्हती, नुसता नायट्रसचा प्रवाह तपासत होते. ती काही नवशिकी माणसं नव्हती, त्याच कंपनीचं स्पेसशिपवन हे अंतराळयान 2004 मध्ये रबर आणि नायट्रसच्याच मोटरवर 100 किलोमीटरच्या वर जाऊन आलं होतं.

नायट्रस स्वतःच फुटू शकतो, एकटा, इंधन नसताना. त्याचे रेणू तुटतात तेव्हा उष्णता बाहेर पडते. त्यात टाकीत, पाइपात कुठे ग्रीस, तेल, रबराचा बारीक कण राहिला तर त्याला सुरुवात करायला निमित्त मिळतं. आता विचार कर, ज्या वर्कशॉपमध्ये टायरचा भुगा उडतोय त्याच टेबलावर कोणी इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह उघडून ठेवले तर? भुगा इतका बारीक असतो की तो कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. म्हणून काळा_भुगा, तुला पण सांगतो, इंधनाची खोली आणि ऑक्सिडायझरचं सामान कधीच एकत्र नाही. वेगळी खोली, वेगळी हत्यारं, वेगळे हातमोजे. ऑक्सिजनलाही हेच लागू, शुद्ध ऑक्सिजनमध्ये पोलाद सुद्धा पेटतं.

नायट्रसचं अजून एक, 36.4 अंशाला त्याचा क्रिटिकल पॉइंट, त्याच्या वर तो द्रव राहतच नाही, 20 अंशालाच टाकीत 50 बार दाब. उन्हात टाकी ठेवली की हिशोब बदलला. तुम्ही सध्या वायुरूप ऑक्सिजनवर, लहान प्रमाणात आहात, तिथेच राहा. मोजायला तेच सोपं.

आणि रबराच्या इंधनाबद्दल थोडा इतिहास, कारण आपण काही जगावेगळं करतोय असं नाही. पहिलं उडालेलं हायब्रिड म्हणजे सोव्हिएत जीआयआरडी-09, 17 ऑगस्ट 1933, मॉस्कोजवळ नखाबिनोला, घट्ट केलेलं पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजन, 400 मीटर गेलं. मग 1940 च्या दशकात पॅसिफिक रॉकेट सोसायटीच्या लोकांनी द्रव ऑक्सिजनबरोबर काय काय जाळून बघितलं, लाकूड, मेण, आणि शेवटी रबरावर आले. 1951 मध्ये त्यांचं रबर आणि द्रव ऑक्सिजनवालं रॉकेट साधारण नऊ किलोमीटर उंच गेलं. हौशी लोक होते ते. पुढे 2018 ला नॉर्वेतून नॅमो कंपनीचं न्यूक्लियस रॉकेट एचटीपीबी आणि हायड्रोजन पेरॉक्साईडवर 107 किलोमीटर गेलं. मला त्या लाकूड जाळणाऱ्या लोकांबद्दल विशेष प्रेम आहे. त्यांनी लाकडाचं रॉकेट उडवायचं म्हणून ते जाळलं नाही, प्रत्येक वस्तू ऑक्सिजनमध्ये कशी वागते हे बघायचं म्हणून जाळलं.

पॉलिमरची_पोर

+1. काका, लाकडाचं माहीत नव्हतं.

वायुरूप

इतिहास वाचून मोजमापावर येतो, कारण काळा_भुगांचा खरा मुद्दा तोच आहे.

रिग्रेशन रेटचं सूत्र साधं, रेट म्हणजे ए गुणिले जी चा एन वा घात, जी म्हणजे पोर्टच्या क्षेत्रफळामागे ऑक्सिडायझरचा प्रवाह. ए आणि एन तुमच्या इंधनाचे, तेच काढायचेत. एन साधारण 0.5 ते 0.8 मध्ये येतो. गोल पोर्ट जळता जळता मोठा होतो, जी कमी होतो, भिंत हळू सरकते, पण जळणारी भिंतही मोठी झालेली असते. एन बरोब्बर 0.5 असेल तर दोन्ही गोष्टी एकमेकींना तोलतात आणि इंधनाचा प्रवाह स्थिर राहतो. 0.5 च्या वर असेल तर जळता जळता इंधन कमी पडत जातं आणि मिश्रण ऑक्सिजनकडे झुकतं. तुमच्या भुग्याचा एन किती हे कळलं की मोटर शेवटाला कशी वागणार ते आधीच सांगता येईल. म्हणून मला ए पेक्षा एन जास्त महत्त्वाचा वाटतो.

काढायचं कसं तर ग्रेन आधी वजन करा, नंतर वजन करा, जळलेलं वजन आणि घनता ह्यावरून शेवटचा सरासरी व्यास काढा, सुरुवातीच्या व्यासाशी फरक, वेळेने भागा. पण तुमच्या बाबतीत दोन अडचणी. घनता पुस्तकातली घेऊ नका, बुडबुडे असतील तर ती खोटी, त्याच ओतीचा तुकडा पाण्यात तोलून काढा. दुसरी, वजन कमी झालं म्हणजे जळलं असं इथे नाही, न जळता उडालेले दाणे पण त्यात मोजले जातात. ते वेगळं काढायला चेंबर प्रेशर लागेल. प्रेशर, थ्रोट आणि एकूण प्रवाह ह्यावरून सी-स्टार, म्हणजे चेंबरमध्ये जळणं किती नीट झालं ते सांगणारा आकडा, काढा, साध्या एचटीपीबीच्या सी-स्टारशी तुलना करा. सी-स्टार पडला आणि वजन मात्र भरपूर गेलं तर दाणे फुकट उडतायत. सी-स्टार टिकला तर जळतायत. पोस्ट कंबश्चन चेंबर लांब केल्यावर सी-स्टार वाढला तर माझं आधीचं म्हणणं बरोबर.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बफिंग डस्ट पण आणायची, चेंबर पण लांब करायचा, प्रमाण पण वाढवायचं असं एकदम केलंत तर काही कळणार नाही.

नवखा

मला स्वतःला सुरुवात करायची असेल तर भुग्यावरच करू का?

नॉझलघसा

नाही. आधी एखाद्या क्लबात जा, त्यांच्यासोबत एचटीपीबी किंवा थ्रीडी प्रिंट केलेल्या एबीएस प्लॅस्टिकचा ग्रेन जाळ, ज्याचं वागणं ठरलेलं आहे. आलेख ओळखीचा झाला की मग भुग्याचा आलेख बघितल्यावर काय वेगळं आहे ते तुला कळेल. ओळखीचं काही नसताना अनोळखी जाळलं तर नुसता धूर दिसतो.

काळा_भुगा

सगळं टिपून घेतलं. क्रम असा ठरवतोय. आधी साध्या एचटीपीबीचे ग्रेन परत जाळून सी-स्टार नीट काढायचा, लांब केलेल्या चेंबरसकट, म्हणजे तुलनेला पाया होईल. मग त्याच मोटरमध्ये बफिंग डस्टचा, वाळवून, चुंबकावरून काढून, व्हॅक्युमखाली मिसळून, नॉझलघसांच्या वाहण्याच्या नियमात बसेल एवढ्याच प्रमाणात. पट्टी वाकवून बघायची. प्रवाह बदलून बदलून एन काढायचा. प्रमाण वाढवायचं की नाही ते सी-स्टार बघून. प्रत्येक ग्रेन कापून भिंगाखाली फोटो. भुग्याचं काम आता वेगळ्या शेडमध्ये हलवतोय.

एक राहिलं. आमच्यातला एक जण म्हणतो ट्यूबचं रबर पण त्यात मिसळू, ते भरपूर मिळतं. ताई, काय म्हणता?

पॉलिमरची_पोर

नका मिसळू. ट्यूब बहुतेक ब्युटाईल रबराच्या असतात, हवा धरून ठेवायला, ट्यूबलेस टायरचं आतलं अस्तर पण त्याच जातीचं. ब्युटाईल म्हणजे मुख्यतः पॉलिआयसोब्युटिलीन, त्याचं तुटणं वेगळं, टायरच्या बाकी रबराशी त्याचं जमत नाही, रबराच्या कारखान्यात पण ते वेगळंच ठेवतात. जाळायचंच असेल तर त्याचा वेगळा ग्रेन करा, त्याचा वेगळा एन काढा. ट्यूब कापताना व्हॉल्व्हजवळचा भाग टाकून द्या, तिथे पितळ असतं आणि ते चुंबकाला लागत नाही.

आणि फोटो इथे टाका, प्रत्येक ग्रेनचे, चांगला आला नाही त्याचे पण.

काळा_भुगा

टाकतो ताई. पितळाचं बरं सांगितलंत, आम्ही चुंबकावरच विसंबून होतो.